वेगळं ताट

आषाढातली संध्याकाळ होती. दिवसभर कोसळून पाऊस जरासा उघडलेला, मागच्या दारी पागोळ्या गळत होत्या आणि बाबा पाण्याच्या डोणीपाशी उभे राहून हात धूत होते. एकदा साबण लावून धुतले. मग लिंबाची पिळलेली फोड कुठूनशी शोधून काढली, ती बोटांना चोळली. परत साबण. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते आणि आधी मला त्यात काहीच वाटलं नाही, बाहेरून आलेला माणूस हात धुतो. पण मग ते बोटं नाकाशी नेऊन हुंगायला लागले आणि परत साबणाकडे वळले. तेव्हा मी बाहेर गेले आणि दोन पावलांवरच कळलं. खारा बांगडा. निखाऱ्यावर भाजलेला. लहानपणी तो वास ज्याच्या नाकात बसलाय त्याच्यापासून तो कुणाला लपवता येत नाही.

मी ओरडले. "तीन महिने झालेत बाबा फक्त, तीन महिने! छातीत स्प्रिंग घालून आणलंय तुम्हाला." आवाज एवढा चढला की गडग्यापलीकडून शेजारची काकी बाहेर आली. "अगो त्येंका कित्या बोलतंस? एक तुकडो मागल्यांनी, मी दिलंय. दारात इलेल्या माणसाक नाय कसा म्हणतलंय?" बाबा काहीच बोलले नाहीत. पंच्याला हात पुसले, मान खाली घातली आणि पुढच्या ओसरीवर, लोट्यावर जाऊन बसले. ३४ वर्षं एसटीत कंडक्टर असलेला हा माणूस, भरल्या गाडीत ज्याच्या एका हाकेवर लोक पुढे सरकायचे, तो शेजारणीकडे माशाचा तुकडा मागतो आणि मग मुलीला वास येऊ नये म्हणून तीनदा हात धुतो.

रात्री मला झोप लागली नाही.

झटका एप्रिलमधे आला होता. छातीवर कुणीतरी जातं ठेवल्यासारखं वाटतंय म्हणाले, घाम फुटला, आईने नेहमीप्रमाणे ओवा दिला, गॅस असेल म्हणून अर्धा तास गेला, मग शेजारच्या मुलाने गाडी काढली. आधी आपल्याकडचं सरकारी हॉस्पिटल, तिथे ईसीजी, तिथून गोवा. नळी घालून फुगा फुगवून स्टेंट, म्हणजे ती स्प्रिंग, बसवला. मी मुंबईहून पोचेपर्यंत सगळं होऊन गेलेलं. पाच दिवसांनी घरी सोडताना हातात गोळ्यांची पिशवी आणि एक छापील कागद, खायचं काय आणि खायचं नाही काय त्याचा. खायचं मधे ओट्स, ऑलिव्ह ऑइल, ब्रोकोली, सॅलड. खायचं नाही मधे तळलेलं, लोणचं, पापड, सुकी मासळी, नारळ. मिठापुढे 'कमी' असं लिहून पेनाने दोनदा खाली रेघ मारलेली. आईने तो कागद देवाच्या फोटोशेजारी खिळ्याला लावला आणि दुसऱ्या दिवसापासून बाबांसाठी वेगळा छोटा टोप चुलीवर चढायला लागला.

मी पुढच्या खेपेला येताना ओट्सची चार पाकिटं आणली. बाबांनी आठ दिवस निमूट खाल्लं. नवव्या दिवशी एवढंच म्हणाले, पूर्वी पोस्टर चिकटवायला खळ करायचे ना, तशी लागते. पण खाल्लं. त्यांना आमच्या आधी वाढायचं असं ठरलं, कारण आमच्या आमटीचा वास आला की त्यांना स्वतःचं जेवण जात नाही असं आईचं म्हणणं. म्हणजे साडेबाराला बाबा एकटे, भिंतीकडे तोंड करून, अळणी डाळ आणि उकडलेली भाजी. आणि एक वाजता आम्ही. आणि हे सगळं आम्ही त्यांच्या हृदयाची काळजी म्हणून करत होतो, अगदी मनापासून.

मला त्या रात्री आठवत राहिलं ते मीठ. आमच्याकडे पावसाळ्याची बेगमी म्हणजे मिठाची बेगमी. वेंगुर्ल्याजवळच्या शिरोड्याची मिठागरं आम्हाला जवळ, त्याच शिरोड्याला १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला, आजोबा ते सांगताना आवाज बदलायचे. मे महिन्यात खडेमिठाचं पोतं यायचं. ते माळ्याखाली लाकडी फळीवर ठेवायचे आणि जून लागला की ते पाझरायला लागायचं, खाली मडकं लावलेलं असायचं, त्यात ते कडू पाणी टिपटिप पडायचं. त्या पोत्यातून मग घर भरायचं. मिठातल्या कैऱ्या, खारातले गरे, भरलेल्या मिरच्या, आगळ म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, आणि शेवटी बांगडे. पोट चिरून, आत मीठ भरून, मडक्यात एकावर एक थर. काही खळ्यात वाळत घालायचे आणि आम्हा पोरांना काठी देऊन कावळे राखायला बसवायचे. दुपारच्या उन्हात तो वास अंगाला, केसांना, अभ्यासाच्या वहीलासुद्धा लागायचा. मग पाऊस सुरू झाला, समुद्र खवळला, होड्या वर ओढल्या, की उकड्या तांदळाची पेज, कुळथाची पिठी आणि भाजलेला बांगडा. बाहेर धो धो आणि आत पेजेची वाफ. मला अजून त्या जेवणाहून मोठं सुख माहीत नाही, हे मी खोटं कसं सांगू.

चार महिने ऊन नाही, मासा नाही, बाजार लांब. मिठाशिवाय काय टिकणार होतं? आमच्या माणसांनी मिठाच्या आधारावर पावसाळे काढलेत. आणि दिवसभर गुडघाभर चिखलात लावणी करणाऱ्याच्या अंगातून ते मीठ घामावाटे जायचंसुद्धा. पण इथे मला थांबायला हवं, कारण 'जुनं खाणं तेच खरं खाणं' हे मी पण खूप वर्षं बोलत आले आणि माझे आजोबा ५६ व्या वर्षी शेतात असताना त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, दोन वर्षं खाटेवर काढून गेले. वारं गेलं म्हणाले सगळे. देवाचं काहीतरी राहिलंय म्हणाले. त्यांचं बीपी आयुष्यात एकदाही कुणी मोजलं नव्हतं. आणि ते चिखलात राबणारे, विडी न ओढणारे, घरचंच खाणारे होते. रोजचं खारं आणि न मोजलेलं बीपी, याचा आणि त्या वाऱ्याचा काही संबंध असेल ही शंकासुद्धा आमच्या घरात बाबांच्या झटक्यापर्यंत कुणाला आली नव्हती.

मीठ काय करतं ते मला डॉक्टरांनी वाडीतल्या पंपावरून समजावलं. मिठातलं सोडियम अंगात पाणी धरून ठेवतं, रक्ताचा पसारा वाढतो, आणि पाइप तेवढेच पण पाणी जास्त म्हटल्यावर दाब वाढतो. पंप तो दाब रोज, दिवसरात्र ओढत राहतो. वर्षानुवर्षं ओढून हृदयाची भिंत जाड होते, पाइप आतून खरवडतात, आणि खरवडलेल्या जागी चरबी साचते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे सपाट एक चमचा, सगळं धरून. आपल्या देशात ८ ते ११ ग्रॅम जातं असं वेगवेगळ्या पाहण्यांत दिसतं. मी आमच्या घराचा हिशोब करायला बसले आणि मला कळेना कुठून मोजू, कारण चमच्याने घातलेलं मीठ दिसतं, पण आगळातलं? सोलकढी म्हणजे औषध असं आम्ही समजतो आणि आगळ टिकावं म्हणून त्यात मूठमूठ मीठ असतं. सुकटीच्या चटणीतलं? पापडातलं? बेकरीच्या पावातलं, बटरातलं?

ताजा बांगडा, तारली हे तेलकट मासे, त्यातली ओमेगा-३ नावाची चरबी हृदयासाठी चांगली, आठवड्यातून दोनदा मासे खा असं अमेरिकेतले हृदयतज्ज्ञसुद्धा सांगतात. आणि तोच बांगडा मिठात घातला की छापील कागदाच्या दुसऱ्या बाजूला जातो. एकच मासा. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, मग आता जून-जुलै दोन महिने सरकार मासेमारी बंद ठेवतं त्याचं काय करायचं, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी काकीकडे गेले, आदल्या दिवशी तिच्यादेखत ओरडले होते म्हणून. ती चुलीपाशी बसून तांदूळ निवडत होती. रागावली नव्हती. म्हणाली, "तुझो बापूस बांगड्यासाठी नाय इल्लो गो. बसलो, बोललो, माझ्या पोरांवांगडा जेवलो. घराकडे एकट्याक वाढतात म्हणालो." आणि परत तांदूळ निवडायला लागली.

मी तिथून घरी आले तेव्हा आई मागच्या दारी बसून जेवत होती. सगळ्यांच्या नंतर, नेहमीसारखी. आणि मी पहिल्यांदा तिच्या ताटात नीट बघितलं. बाबांची उरलेली अळणी भाजी टाकायची कशी म्हणून तिने घेतली होती, आणि ती घशाखाली उतरत नाही म्हणून बाजूला मिठातली अख्खी कैरी आणि सुक्या जवळ्याची चटणी. तीन महिने ती हेच करत होती. दोन टोप रांधायचे, दोन्हीतलं उरलेलं संपवायचं. मी विचारलं तर म्हणाली, "माका काय झाला?"

गुरुवारी उपकेंद्रातली सिस्टर बाबांचं बीपी बघायला आली. मी म्हटलं आईचं पण बघा. आई नको नको म्हणत पदर सावरत बसली. सिस्टरने एकदा मोजलं, काही बोलली नाही, पाच मिनिटं शांत बसायला सांगितलं, परत मोजलं.

१६४ आणि १०२.

पट्टा सोडताना फर्र असा आवाज झाला तो मला अजून ऐकू येतो. आम्ही सगळे, मी, भाऊ, डॉक्टर, तो खिळ्यावरचा कागद, एकाच माणसाच्या ताटाकडे बघत होतो. आणि जी बाई दोन्ही ताटं वाढत होती तिच्या अंगात काय चाललंय हे कुणी विचारलं नव्हतं. तिला डोकं दुखायचं. आम्हाला वाटायचं चष्म्याचा नंबर वाढला असेल. तिच्या गोळ्या त्याच आठवड्यात सुरू झाल्या.

त्यानंतर मी जे मिळेल ते वाचत सुटले, रात्री रेंज येईल त्या कोपऱ्यात बसून. एक अभ्यास मनात रुतून बसला. चीनमधल्या ६०० खेड्यांमधे २०१४ साली सुरू केला होता, जवळपास २१ हजार माणसं, कुणाला आधी पक्षाघात होऊन गेलेला, कुणी साठीच्या पुढचे आणि बीपी वाढलेले. निम्म्या खेड्यांत नेहमीचं मीठ चालू ठेवलं आणि निम्म्या खेड्यांत मिठातला साधारण पाव भाग काढून त्याजागी पोटॅशियमचं मीठ घातलेलं दिलं. २०२१ ला निकाल आला, पक्षाघात १४ टक्के कमी, हृदयाचे झटके आणि मृत्यूही कमी. पण मला ज्या गोष्टीने धरून ठेवलं ती वेगळीच. ते मीठ फक्त आजारी माणसापुरतं दिलं नव्हतं, अख्ख्या घराच्या स्वयंपाकाला पुरेल इतकं दिलं होतं. घराची बरणीच बदलली. म्हातारा, सून, नातू, सगळे त्याच टोपातलं जेवले. (ते मीठ बाबांना द्यायचं का म्हणून मी डॉक्टरांना विचारलं, ते नाही म्हणाले, बाबांच्या बीपीच्या गोळीने आधीच पोटॅशियम वाढतं आणि किडनीचा त्रास असलेल्यांनाही ते चालत नाही. त्यामुळे कुणी वाचून लगेच आणायला जाऊ नका, आधी विचारा.)

मग आम्ही छोटा टोप माळ्यावर टाकला. एकच टोप, एकच आमटी, आणि मीठ सगळ्यांचंच कमी, एकदम नाही, दर आठवड्याला चिमूटभर उतरवत. पहिल्या दिवशी बाबा म्हणाले, "मीठ घालूक इसारलंस काय?" आई म्हणाली, "घातलंय. जेवा गुपचूप." पण ते सगळ्यांबरोबर बसले होते ना, भाऊ पण तेच खात होता, त्याचा मुलगा पण तेच. मिठाची जागा भरून काढायला आईने तिचं सगळं शहाणपण बाहेर काढलं. आगळाऐवजी आमसुलं, ती पण आधी एकदा धुऊन, मग भिजत घालून. तिरफळं ठेचून. लसणीची फोडणी जरा करपवून. आंबट आणि झणझणीत असलं की जिभेला मिठाची आठवण कमी येते, हे तिने एका दुपारीत शोधून काढलं. पावसाळ्यातल्या रानभाज्या तर होत्याच, टाकळा, कुर्डू, अळू, परड्यात आणि गडग्याच्या कडेला फुकट उगवलेल्या. नाचणीची भाकरी परत सुरू झाली. अमेरिकेत १९९७ साली ४५९ माणसांना आठ आठवडे भरपूर भाज्या, फळं, कमी चरबीचं दूध असं जेवण बनवून दिलं होतं, मीठ तेवढंच ठेवून, तरी ज्यांचं बीपी वाढलेलं होतं त्यांचा वरचा आकडा ११ ने उतरला होता. आणि २००१ ला तेच जेवण मीठ कमी करून दिलं तर आणखी उतरला. ब्रोकोलीवाचून काही अडत नाही असं मला तेव्हा वाटलं, टाकळा चालेल.

नारळाचं मात्र मला अजून ठरवता आलेलं नाही. घरात तीस माड आणि कागदावर 'नारळ बंद'. प्रशांत महासागरात टोकेलाऊ म्हणून बेटं आहेत, तिथल्या लोकांच्या खाण्यातली निम्म्याहून जास्त ऊर्जा नारळातून यायची, कोलेस्टेरॉल चढंच असायचं आणि तरी हृदयविकार फारसा दिसला नाही असं १९८१ साली छापून आलंय. पण ते मासे, फणसाच्या जातीची फळं खाणारे, साखर-मैदा जवळजवळ न खाणारे आणि दिवसभर हातपाय हलवणारे लोक, आणि त्यातले जे न्यूझीलंडला राहायला गेले त्यांची वजनं आणि बीपी वाढली. खोबरेल तेलात जवळपास ९० टक्के संपृक्त, म्हणजे कोलेस्टेरॉल वाढवणारी चरबी असते हेही खरंच. बाबा आता माडावर चढत नाहीत, तिसऱ्या मजल्याइतक्या उंचीवर सरसर जाणारा माणूस आता खाली उभा राहून पाडेल्याला हाका मारतो. म्हणून आम्ही मधलं काहीतरी केलं. वाटप निम्मं, तेही ओल्या खोबऱ्याचं, रोज नाही. ते बरोबर की चूक मला माहीत नाही, पुढच्या रिपोर्टमधे दिसेल. शेव-फरसाणाचा डबा मात्र घरातून कायमचा गेला आणि त्याबद्दल माझ्या मनात जराही दुमत नाही.

श्रावण गेला. गणपती आले, गेले. ऑगस्टपासून होड्या परत समुद्रात जायला लागल्या होत्या, पण आमच्याकडे विसर्जन होईपर्यंत मासा नाही. त्यानंतरच्या पहिल्या बुधवारी ताज्या बांगड्याचं तिखलं झालं, तिरफळं घातलेलं, आणि मी मुंबईहून मुद्दाम सुट्टी काढून आले होते. मी एक घास घेतला आणि मला ते खारट लागलं. मुंबईत मी आपलं नेहमीचंच खात होते तरी खारट लागलं असं कसं, म्हणून आईकडे बघितलं, तर तिने उलट विचारलं, "जास्त झाला काय? आज पावणे येतले म्हणान हात सैल सुटलो." बाबा म्हणाले, जरा जास्तच झालंय. दोन महिन्यांपूर्वी हाच माणूस मीठ विसरलीस का विचारत होता. जीभ अशी महिन्या-दोन महिन्यांत बदलते म्हणतात, पण ऐकणं वेगळं आणि समोर बसून बघणं वेगळं. आईचं बीपी त्या आठवड्यात १३८ आणि ८६ होतं. गोळीचा वाटा त्यात मोठा असणार, सगळं श्रेय टोपाला देता येणार नाही. पण तिचं डोकं दुखायचं थांबलंय.

आम्ही जेवत असतानाच काकी गडग्यावरून आली, पदराखाली वाटी झाकून. मेमधल्या मडक्यातला शेवटचा खारा बांगडा. "राती भिजत घातलेलंय, तीनदा पाणी बदाललंय," ती माझ्याकडे बघून म्हणाली, जणू मी परीक्षा घेणार होते. मी उठून तिला पाट दिला. आईने त्या एका बांगड्याचे सहा तुकडे केले, सहा माणसांचे, अंगठ्याएवढे, आणि सगळ्यांच्या ताटात कडेला एकेक ठेवला. बाबांनी त्यांचा तुकडा शेवटपर्यंत तसाच ठेवला, पेजेच्या शेवटच्या घोटाबरोबर तोंडात टाकला आणि डोळे मिटून बराच वेळ चघळत बसले.

मग ते उठून डोणीपाशी गेले. तांब्याभर पाणी हातावर घेतलं, साबण बाजूलाच होता तो घेतला नाही. पंच्याला हात पुसून लोट्यावर येऊन बसले आणि मी बघतेय हे माहीत असूनसुद्धा बोटं नाकाशी नेली.